पॉलीकार्बोनेटचा (पीसी) कनेक्टर स्पिरिट लावलं की तडकतोय, मेडिकलचं काम घ्यावं का? (भोसरी)

भोसरी_८०टन (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. माझं भोसरी एमआयडीसीत छोटं प्लास्टिक मोल्डिंगचं शेड आहे, दोन मशीन, एक ८० टन आणि एक १५० टन, आजवर सगळं ऑटोचं काम, क्लिपा, ग्रोमेट, हार्नेसची कव्हरं असलं. दिवाळीनंतर दोन पोरं आली, स्टार्टअपवाली. ऑपरेशननंतर जखमेत साठणारं पाणी ओढून घ्यायचं काहीतरी यंत्र करतायत, त्याला वाय आकाराचा छोटा कनेक्टर हवाय, पॉलीकार्बोनेटचा, पारदर्शक, साडेचार ग्राम. दर ऐकून मी खुर्चीत सरळ बसलो, कारण ऑटोत आम्ही पाच-पाच पैशांवरून भांडतो आणि इथे एका पीसला जे देतायत त्यात मी तिकडे डझनभर देतो.

डाय (साचा) त्यांनीच करून आणली. १०० सॅम्पल काढून दिले, काचेसारखे चकचकीत, मीच खूश. आठ दिवसांनी फोन, की टेबलावर चाचणी लावलेली (पेशंटला नाही, देवाची कृपा), सिस्टरने स्पिरिटच्या बोळ्याने कनेक्टर पुसले, नळ्या जोडल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी २० पैकी ७ पीसना गळ्यापाशी बारीक तडे. आता गंमत बघा, माझ्याकडे त्याच लॉटचे जे पीस पडलेत त्यांना काहीही नाही. हातोडा मारला तरी फुटत नाहीत. खरंच मारला.

प्लास्टिकचा दाणा खराब आला का? स्पिरिटने पीसी जातं का? आणि मुळात या भानगडीत पडू का नको? बायको म्हणते ऑटोच बरं, निदान रात्री झोप लागते.

तिरका_टिळकरोड

हातोड्याने मेडिकल तपासणी करणारे तुम्ही पहिलेच. पेशंटला पण असंच चेक करता का.

डायकाका

टूलरूममध्ये ३४ वर्षं काढली आहेत, आता घरी कुंड्यांना पाणी घालतो, त्यामुळे वेळ आहे. चार प्रश्नांची नीट उत्तरं दे मग बोलू. दाणा किती डिग्रीला किती तास वाळवला? मोल्डला गार पाण्याचा चिलर लावला होता का? रनर, म्हणजे डायच्या वाटेत गोठून उरलेलं प्लास्टिक, दळून परत टाकलास का? पीस सुटायला डायमध्ये स्प्रे मारलास का?

भोसरी_८०टन

काका, हॉपर ड्रायर ८० ला दोन तास, एबीएस प्लास्टिकला ठेवतो तसाच. चिलर चालू होता, सायकल २२ सेकंदात बसवली. रनर थोडा टाकला, २० टक्के असेल. स्प्रे सुरुवातीच्या पाच-सहा शॉटला.

डायकाका

चारही उत्तरं चुकली, शाळेत असतास तर पालकांना बोलावलं असतं.

पीसी म्हणजे एबीएस नव्हे रे बाबा. १२० डिग्रीला किमान तीन-चार तास वाळवायचं. ओल राहिली की बॅरलच्या उष्णतेत ते पाणीच पीसीच्या लांब साखळ्या तोडतं. दरवेळी पीसवर चंदेरी रेघा दिसतीलच असं नाही, पीस छान दिसतो आणि आतून कच्चा असतो. मोल्ड गार ठेवलास म्हणजे बाहेरची कातडी पटकन गोठली, आतलं अजून गरम, ते नंतर आकसायला बघतं आणि कातडी सोडत नाही. तो ताण पीसच्या आत कायमचा राहतो. पीसीला मोल्ड ८०-९० डिग्री पाहिजे, तिथे चिलर चालत नाही, हीटिंगवाला एमटीसी, म्हणजे मोल्डचं तापमान धरून ठेवणारं युनिट लागतं. आणि मेडिकलमध्ये दळलेला रनर टाकायचा नाही, स्प्रे मारायचा नाही, विषय संपला.

पाषाणरोड

काकांचं निदान बरोबर आहे, मी फक्त स्पिरिटचा भाग सांगतो. मी पॉलिमरमध्येच पीएचडी केली, बरीच वर्षं एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारात गेली.

स्पिरिट पीसीला विरघळवत नाही, त्याच्याशी रासायनिक क्रियाही करत नाही. पीस आधीच आतून ताणलेला असतो, स्पिरिटचे रेणू त्या ताणलेल्या जागी साखळ्यांच्या मधे घुसतात आणि साखळ्या एकमेकींवरून सरकायला मोकळ्या होतात. उसवत आलेल्या शिवणीवर कुणी मेण चोळावं तसं. नुसता ताण असता तर पीस वर्षानुवर्षं टिकला असता, नुसतं स्पिरिट असतं तर पुसून उडून गेलं असतं, दोघं एकत्र आले की तडा. म्हणून तुमच्याकडचे कोरडे पीस हातोडा खातात आणि हॉस्पिटलमधले रात्रीत जातात. एन्व्हायर्नमेंटल स्ट्रेस क्रॅकिंग म्हणतात याला, आणि हे काही तुमचंच नशीब नाही. सलाइनच्या लाइनवरचे पीसीचे तीनतोट्या कॉक स्पिरिटने आणि शिरेतून देतात त्या फॅटच्या पांढऱ्या इमल्शनने तडकणं हा जुना, जगभरचा प्रॉब्लेम आहे.

तपासायला फुकटची युक्ती. लॅपटॉपवर कोरं पांढरं पान उघडा, पीस स्क्रीनसमोर धरा, आणि पोलरॉइड गॉगलमधून बघा, गॉगल हळूहळू फिरवत. स्क्रीन एका कोनात काळी पडेल. ताण नसेल तर पीसही काळाच दिसेल, ताण असेल तिथे इंद्रधनुष्याचे पट्टे दिसतील. पट्टे जितके दाट तितका ताण जास्त.

भोसरी_८०टन

आत्ताच मेव्हण्याचा गॉगल आणला. अहो गळ्यापाशी अख्खा मोरपिसारा आहे!! आणि तडे तिथेच गेलेत. डोकं सुन्न झालं, इतकी वर्षं पारदर्शक पीस काढतोय आणि आत हे असं चाललंय माहीतच नव्हतं.

ओटी_सिस्टर

मी बोलू का? बावीस वर्षं ओटीत आहे. तुम्ही सगळे मशीनचं बोलताय पण कनेक्टर आमच्या हातात आल्यावर काय होतं ते कुणीच विचारत नाही. आम्ही नळी जोडली की अजून एक पीळ देतो, सवयच आहे, कारण मध्यरात्री नळी सुटून गादी भिजली तर बोलणी आम्हाला. हातात ग्लोव्ह, ग्लोव्ह ओले, बोटाला अंदाज येत नाही म्हणून आणखी पीळ. आणि स्पिरिट पूर्ण वाळेपर्यंत कोण थांबतं, पुसलं की लगेच जोडलं. त्या पोरांनी डिझाइन करताना एकदा तरी ड्यूटीवरच्या सिस्टरला विचारलं का?

पाषाणरोड

ताई, तुम्ही नेमकं बोललात. कनेक्टरचं तोंड लुअर टेपरचं, म्हणजे मेडिकल नळ्यांच्या जोडाला असतं तसं निमुळतं असणार, त्याला ६ टक्के उतार असतो. म्हणजे ती एक पाचरच. तुम्ही पीळ दिला की आतला भाग पाचरीसारखा बाहेरच्याला फाकवतो. मोल्डिंगचा ताण, वर पिळाचा ताण, वर स्पिरिट. २० पैकी ७ गेले हेच कमी म्हणायचं.

तिरका_टिळकरोड

एवढी नाटकं असतील तर शरीराच्या आसपास प्लास्टिक न्यायचंच कशाला? आमच्या आजोबांच्या वेळी काचेची सिरिंज उकळून वापरायचे, काही होत नव्हतं.

ओटी_सिस्टर

काही होत नव्हतं हे आजोबा सांगतात. ज्यांना कावीळ झाली ते सांगायला येत नाहीत.

डोळसपणे

नेत्रतज्ज्ञ आहे, ओपीडी संपवून लिहितेय. टिळकरोड, तुमच्या घरात साठीच्या पुढचं कुणी असेल तर कदाचित त्यांच्या डोळ्यात प्लास्टिक आहे आणि त्यातूनच ते पेपर वाचतायत.

गोष्ट छान आहे म्हणून सांगते. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या कॉकपिटचं छत पर्स्पेक्सचं, म्हणजे पीएमएमएचं असायचं. गोळी लागून ते फुटलं की त्याच्या कपच्या वैमानिकांच्या डोळ्यात जायच्या. लंडनचे हॅरॉल्ड रिडली या वैमानिकांवर उपचार करायचे, त्यांच्या लक्षात आलं की कपची आत राहिली तरी डोळा ती मुकाट्याने सहन करतो. मग २९ नोव्हेंबर १९४९ ला सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये त्यांनी मोतिबिंदू काढून त्या जागी पीएमएमएची लेन्स बसवली. सहकारी डॉक्टरांनी पुढची कित्येक वर्षं शिव्याच घातल्या, कारण डोळ्यातून बाहेरची वस्तू काढायची असते, घालायची नसते. म्हातारपणी रिडलींनी स्वतःच्या डोळ्यातही लेन्स बसवून घेतली.

पण भोसरीकर, तुमच्या कामाचा भाग पुढे आहे. कपची सहन झाली म्हणून त्यांनी कॉकपिटचाच पत्रा कापून घातला नाही. साखळीत न जुळलेला सुटा रेणू (मोनोमर) उरणार नाही असं खास शुद्ध पर्स्पेक्स बनवून घेतलं, त्याला नावच क्लिनिकल क्वालिटी दिलं होतं. नाव तेच, प्लास्टिक तेच, पण आत काय उरलंय ते महत्त्वाचं. मेडिकल ग्रेडचा दाणा महाग का याचं उत्तर तिथे आहे.

आणि पीएमएमए कडक, त्यासाठी डोळ्याला ५-६ मिलिमीटरचा छेद द्यावा लागायचा. आता घडी होणारं मऊ अक्रिलिक आहे, लेन्स गुंडाळून अडीच मिलिमीटरच्या आसपासच्या छेदातून आत जाते आणि आत गेल्यावर सावकाश उलगडते. टाका नाही. माझ्या आईच्या वेळी ऑपरेशननंतर डोक्याशी वाळूच्या पिशव्या ठेवून पडून राहायला लावायचे, आता पेशंट दुपारी स्वतःच्या पायाने घरी जातात आणि वर विचारतात की संध्याकाळी पोळ्या लाटू का.

डायकाका

डॉक्टर, फार छान. यावरून खुब्याच्या सांध्याची गोष्ट आठवली, माझा स्वतःचा डावा खुबा बदललेला आहे म्हणून वाचून काढलं होतं. इंग्लंडात जॉन चार्नली नावाचे सर्जन. त्यांनी आधी वाटीला टेफ्लॉन वापरलं, कारण टेफ्लॉनवर काही चिकटत नाही, घर्षण सगळ्यात कमी. पेशंट चालायला लागले, सगळे खूश. दोन-तीन वर्षांत वाट्या झिजून गेल्या आणि त्या झिजेच्या भुकटीने आजूबाजूला गाठी झाल्या. सुमारे ३०० पेशंट. बिचाऱ्याने एकेकाचं परत ऑपरेशन केलं. त्या भुकटीचं काय होतं बघायला स्वतःच्या मांडीत टोचून घेतली!

मग १९६२ मध्ये एक सेल्समन त्यांच्या लॅबमध्ये वेगळ्याच प्लास्टिकचा तुकडा घेऊन आला, ते कापडगिरणीच्या मागांच्या गिअरला वापरायचे. चार्नलींनी नखाने ओरखडा काढून बघितला आणि नको म्हणाले. त्यांच्या टेक्निशियनने, हॅरी क्रेव्हनने, तरीपण झिजेच्या मशीनवर लावून ठेवलं आणि ते झिजेचना. तेच हे अतिलांब, जड साखळ्यांचं पॉलीथिलीन, यूएचएमडब्ल्यूपीई. आजही खुबा-गुडघ्यात त्याच घराण्यातलं प्लास्टिक बसतं. सर्जन नको म्हणाला आणि वर्कशॉपवाल्याने ऐकलं नाही, हे मला फार आवडलं.

पाषाणरोड

काका, त्याचा पुढचा भाग पण आहे. त्याच पॉलीथिलीनच्या वाट्या हवेत गॅमा किरणांनी निर्जंतुक करून डब्यात ठेवायचे. किरणांनी साखळ्या तुटतात, तुटकी टोकं हवेतला ऑक्सिजन धरून बसतात, आणि शेल्फवर नुसतं पडल्या पडल्या प्लास्टिक ठिसूळ होतं. मग ऑक्सिजन काढून पॅकिंग सुरू झालं, आणि पुढे नव्वदच्या दशकाच्या शेवटी मुद्दाम किरणं देऊन साखळ्या एकमेकींना बांधून, वर गरम करून उरलेली टोकं मिटवलेलं क्रॉसलिंक्ड पॉलीथिलीन आलं. ज्या किरणांनी वाट लावली त्यांनाच कामाला लावलं.

भोसरीकर, तुमचा कनेक्टर कशाने निर्जंतुक करणार ते विचारा. गॅमाचा नेहमीचा डोस २५ किलोग्रे. (आपल्याकडे तुर्भ्याचा, म्हणजे ट्रॉम्बेचा आयसोमेड प्लांट १९७४ ला याच कामासाठी सुरू झाला.) पीसी त्यात टिकतं पण पिवळट पडतं, म्हणून मेडिकल ग्रेडला आधीच निळसर झाक देतात. साधं पीपी (पॉलीप्रॉपिलीन) मात्र गॅमानंतर आज चांगलं आणि सहा महिन्यांनी बोटात मोडेल असं होऊ शकतं. ईटीओ (इथिलीन ऑक्साइड) गॅस लावला तर प्लास्टिक वाचतं पण गॅस आत मुरतो, तो निघून जायला वेळ द्यावा लागतो. ऑटोक्लेव्ह म्हणजे १२१ डिग्रीची वाफ, पीसी ते चार-दोन वेळा सोसेल, रोज नाही.

मंगळ_गुरू_शनी

मी पेशंट बाजूने लिहितो. चार वर्षं झाली डायलिसिसवर, आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, सिंहगड रोडला. तो जो पारदर्शक नळकांड्यासारखा फिल्टर असतो त्यात केसासारख्या पोकळ तंतूंचा जुडगा दिसतो, टेक्निशियनला विचारलं तर म्हणाला सुमारे दहा हजार तंतू आहेत, पॉलीसल्फोन नावाच्या प्लास्टिकचे. रक्त तंतूंच्या आतून, पाणी बाहेरून, मधे भिंतीला भोकं. पहिलं मशीन नेदरलंडमध्ये कोल्फ यांनी १९४३ ला केलं तेव्हा सॉसेजचं आवरण असतं ना, सेलोफेनचं, ते ड्रमला गुंडाळून केलं होतं म्हणे. युद्ध चालू, काही मिळत नव्हतं.

मला त्यातली केमिस्ट्री कळत नाही. पण पडल्या पडल्या चार तास तेच बघायचं असतं. भाऊ, तुम्ही काम सोडलंत तरी दुसरा कुणी करेलच, तो गॉगल लावून बघेल का हा प्रश्न आहे.

तिरका_टिळकरोड

बरं बाबा, काचेची सिरिंज मागे घेतो. पण पीव्हीसीचं काय? त्यातलं केमिकल रक्तात उतरतं ना? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलं होतं.

पाषाणरोड

सोसायटीचा ग्रुप एकदाचा बरोबर निघाला. पीव्हीसी मुळात कडक, पाइपसारखं. रक्ताची पिशवी मऊ करायला त्यात डीईएचपी नावाचं तेलकट रसायन वजनाच्या तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत मिसळतात, आणि ते थोडं थोडं रक्तात उतरतं. युरोपने त्यावर कडक नियम आणलेत, तान्ह्या बाळांच्या बाबतीत काळजी रास्त आहे. पण गंमत अशी की हेच डीईएचपी तांबड्या पेशींच्या आवरणात बसून त्यांना फुटण्यापासून वाचवतं. काढून टाकलं तर साठवलेलं रक्त लवकर खराब होतं. म्हणजे जी अशुद्धी म्हणून पकडली तीच रक्त टिकवत होती. पर्याय निघालेत, पण बदली इतकी सोपी नाही ती यामुळे.

ओटी_सिस्टर

उलटं पण होतं. नायट्रोग्लिसरीन पीव्हीसीच्या नळीत मुरतं, पेशंटपर्यंत कमी पोचतं. म्हणून त्याला वेगळी नळी मागवतो. नवीन मुलींना हे दरवेळी सांगावं लागतं.

डोळसपणे

आपल्याकडचं उदाहरण राहिलंच की. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांनी हृदयाची झडप केली. आधीची मॉडेल्स फसली, कृत्रिम नीलमण्याची चकती सुद्धा वापरून बघितली होती. शेवटी टिकली ती काकांच्या खुब्यातल्या पॉलीथिलीनची चकती, कोबाल्ट-क्रोमच्या पिंजऱ्यात. पहिली झडप ६ डिसेंबर १९९० ला बसवली. मागाच्या गिअरचं प्लास्टिक, दिवसाला लाखभर वेळा उघडझाप!

डायकाका

नीलमणी हरला आणि गिअर जिंकला. वा.

कागदी_घोडा

क्वालिटी ऑडिटर आहे, थोडक्यात. १) मेडिकल डिव्हाइस रूल्स २०१७, वर्ग ए ते डी. लायसन्स ती पोरं घेणार, तुम्ही पार्ट देणार, त्यामुळे घाबरू नका. २) पण ते आयएसओ १३४८५, म्हणजे मेडिकल उपकरणांच्या क्वालिटी मानकाखाली तुमचं ऑडिट करतील. कुठल्या गोणीतला दाणा कुठल्या तारखेच्या कुठल्या लॉटमध्ये गेला हे तीन वर्षांनी विचारलं तरी सांगता आलं पाहिजे. ३) दाणा व्यापाऱ्याकडून सुटा घेऊ नका. मेडिकल ग्रेड म्हणजे नुसता शुद्ध दाणा नव्हे, कंपनी लिहून देते की न कळवता आतली रेसिपी बदलणार नाही. पैसे त्या ओळीचे असतात. ४) एकदा पास झालेली सेटिंग तुम्हीही बदलायची नाही. ऑपरेटरने रात्री सायकल दोन सेकंद कमी केली, संपलं.

भोसरी_८०टन

चौथ्या मुद्द्याला माझ्या ऑपरेटरला कुलूपबंद पॅनल द्यावं लागेल, त्याचा हात शिवशिवतो.

अपडेट देतो. शेजारच्या शेडमधून एमटीसी उसना आणला, मोल्ड ९० डिग्री. दाणा नवी सीलबंद गोणी, १२० ला चार तास. रनर बंद, स्प्रेची बाटली माळ्यावर टाकली. होल्डिंग प्रेशर काकांनी फोनवर सांगितलं तसं उतरवलं. सायकल २२ ची ३८ सेकंद झाली, म्हणजे दर ऐकून जो आनंद झाला होता त्यातला निम्मा इथेच गेला. गॉगलमधून बघितलं, मोरपिसारा गेला, गळ्यापाशी एक फिकट पट्टा उरलाय.

मग सिस्टरताईंनी सांगितली तशी परीक्षा घेतली. २० पीस, ओल्या ग्लोव्हने जोडले, वर एक जास्तीचा पीळ (बायकोला दिला करायला, तिचा हात कडक आहे), स्पिरिट न वाळता तसंच, २४ तास. १९ धड. एकाला तडा, त्याच फिकट पट्ट्यावर.

पोरांना खरं ते सांगितलं, की अजून १ जातोय. मला वाटलं काम गेलं. पोरं म्हणाली, असं सांगणारे तुम्ही पहिले, आधीचा सप्लायर स्पिरिटलाच दोष देत होता.

पाषाणरोड

छान! २० मधला १ म्हणजे अजून फारच जास्त, पण दिशा सापडली. तो पट्टा वेल्ड लाइन आहे का बघा, दोन बाजूंनी आलेलं प्लास्टिक तिथे भेटत असणार. आणि पोरांना विचारा, गळ्याची भिंत अर्धा मिलिमीटर जाड चालेल का. नसेल तर स्पिरिट सोसणारा दुसरा पॉलिमर बघावा लागेल.

डायकाका

वेल्ड लाइनच आहे, फोटोवरून दिसतंय. गेट, म्हणजे प्लास्टिक डायमध्ये शिरायचं तोंड, चुकीच्या जागी दिलाय, डाय करणाऱ्याने सोयीची जागा बघितली. जुना गेट बुजवून वायच्या पायाकडून घ्यावा लागेल म्हणजे दोन प्रवाह गळ्यात भेटणार नाहीत.

भोसरी_८०टन

काका तुम्ही एकदा याल का शेडवर? गुरुवारी लाइट नसते, मशीन बंदच असतात, निवांत डाय खोलून बघू.

डायकाका

येतो. नाशिक फाट्यापर्यंत मेट्रोने येईन, तिथून गाडी पाठव, जिने चढवू नकोस, खुबा पॉलीथिलीनचा असला तरी माणूस ७१ चा आहे. गॉगल तयार ठेव. आणि त्या पोरांनाही बोलव, डाय कुणी केली ते मला समोरासमोर विचारायचंय.

ओटी_सिस्टर

माझी गुरुवारी नाइट आहे, सकाळी मोकळी असते. भोसरीतच राहते. येऊ का?

भोसरी_८०टन

ताई या की! ग्लोव्ह घेऊन या.